खोली देताना आडनाव

सोलापूर

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जुळे सोलापुरातल्या घराच्या वरच्या खोल्या कॉलेजच्या पोरांना द्यायच्या आणि खाली खानावळ काढायची, हा बेत चांगलाच आहे. पण आडनाव ऐकून एका पोराला परत पाठवलंस, आणि वर मला विचारतोस, "आमच्या धर्मात असंच आहे, मग तो भेदभाव कसा?" भेदभावच आहे तो. गोडीगुलाबीनं सांगण्यात अर्थ नाही.

धर्माचं नाव काढलं की वाद मिटतो, असं तुला वाटतंय. आपल्याच जिल्ह्यात बघ की. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, ते 1338 साल. जन्मभर विठ्ठलाचं नाव घेतलं, अभंग रचले, आणि समाधी मिळाली ती पंढरपूरच्या महाद्वारासमोर, देवळाबाहेर. त्यांच्या माणसांना आत जायला पुढं सहाशे वर्षं लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा दार बंद ठेवा म्हणणारेही धर्माचंच नाव घेत होते आणि उघडा म्हणणारे गुरुजीही. श्रद्धा दोन्हीकडे खरी. मग कुणाची जास्त खरी, हे मोजून निवाडा कसा होणार? मी एवढंच बघतो, की त्या श्रद्धेची झळ कुणाला बसते. एकादशी तू धरलीस तर पोट तुझं रिकामं राहतं. तुझ्या सोवळ्यापायी परगावच्या पोराला राहायला जागा मिळेना, तर उपवास तू त्याला घडवतोयस.

कायद्याचंही विचारलंयस. घटनेचं कलम 25 धर्मस्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कलम 15 नुसार दुकानात, उपाहारगृहात धर्म किंवा जात बघून कुणाला अडवता येत नाही. म्हणजे खानावळीचा प्रश्न मिटला. खोल्यांचं तेवढं सरळ नाही. अस्पृश्यता पाळून घर नाकारलंस तर 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आड येतो. नुसत्या धर्मावरून खासगी खोली नाकारली तर तसा थेट बडगा नाही. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेनं सभासदत्व पारशांपुरतंच ठेवलं होतं, तेही 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं चालवून घेतलं. (मला तो निकाल आजही पटत नाही, पण ते असो.) वकील तुला हे सगळं सांगेलच. मात्र तू मला काय चालून जातं ते विचारलं नव्हतंस, बरोबर काय ते विचारलं होतंस.

आईला दुखवू नकोस. देवघर तिचं, आतलं स्वयंपाकघर तिचं. भाडेकरूंनी तिथं यायचं नाही म्हणाली तर मलाही मान्य, फक्त तो नियम जोशी-कुलकर्ण्यांच्या पोरांनाही लागला पाहिजे. खानावळीत मटण नको? नको. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं वाढ. पोरं खूश असतात. ताटात काय वाढायचं ते तू ठरव, ताटावर कोण बसेल ते ठरवू नकोस. खोल्यांतही सामिष नको असा नियम कर हवा तर. पण स्वतःला फसवू नकोस. मागच्या वर्षीचे तुझे भाडेकरू दर रविवारी बाहेर जाऊन मटणावर ताव मारत होते, तेव्हा कुणी त्यांना खोली सोडा म्हणालं नाही. मग अडचण मटणाची नव्हतीच.

"तिकडच्या मोहल्ल्यात आपल्याला तरी कोण खोली देतं?" असंही लिहिलंयस. नसतील देत. त्या घरमालकानं सल्ला विचारला तर त्यालाही हेच लिहीन, शब्द न बदलता.

आता कामाचं. ओळखपत्र बघ, कॉलेजच्या प्रवेशाची पावती बघ, अनामत घे, करारनामा कर, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दे. सगळ्यांना सारखंच. आणि त्या पोराचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये असेलच. खोली अजून रिकामी असेल तर आजच फोन कर. कॉलेज सुरू व्हायच्या आत त्यालाही कुठंतरी सामान टाकायचंय.

तुझा,
काका