ऑटोमन साम्राज्याच्या राजकारणात ग्रीकांना खरंच स्थान होतं का?

होतं, आणि चांगलं वजनदार होतं. इस्तंबूलच्या फनार मोहल्ल्यातली ग्रीक घराणी दरबारात मुख्य दुभाष्याचं पद सांभाळत. युरोपी राजदूतांशी बोलणी त्याच्यामार्फतच व्हायची, त्यामुळे परराष्ट्र व्यवहाराची बरीच सूत्रं त्याच्या हातात असत. ऑस्ट्रिया आणि तिच्या मित्रराष्ट्रांशी झालेल्या १६९९ च्या कार्लोविट्झ तहाच्या वाटाघाटीत सुलतानाच्या बाजूने अलेक्झांड्रोस माव्रोकोर्डाटोस होता. पुढे मोल्डेविया आणि वालाचिया या (आजच्या रोमानियाच्या भागातल्या) मांडलिक संस्थानांची गादीही याच घराण्यांकडे गेली.

१८२१ च्या ग्रीक उठावाने हा विश्वास तुटला. ईस्टरच्या दिवशी इस्तंबूलमधले ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू ग्रेगरी पाचवे यांना त्यांच्याच पीठाच्या दारात फाशी दिलं. ते दार आजही बंद आहे. तरीही रशिया-तुर्की युद्धानंतर भरलेल्या १८७८ च्या बर्लिन परिषदेत ऑटोमन शिष्टमंडळाचं नेतृत्व एका ग्रीकाकडे, कराथेओडोरी पाशाकडे होतं. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.