डिजीयात्रा (चेहरा ओळखून प्रवाशाला आत सोडणारी सोय), रोबो, स्वयंचलित बेल्ट येत असताना धाकट्या भावाला ग्राउंड स्टाफचा कोर्स करू द्यावा का? पंधरा वर्षांत विमानतळावर माणूस लागेल का?

कोर्सचं नंतर सांगते. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी नोकरीत असताना इतक्या जणांकडून ऐकलाय, आणि त्यावरून वरिष्ठांशी माझं इतकं वाजलंय, की आधी तेच लिहिते.

मी बॅगेज हॉलमध्ये होते. चेक-इनला तुम्ही बॅग बेल्टवर ठेवता आणि ती रबरी पडद्यामागे जाते, त्या पलीकडची जागा. बॅगेच्या टॅगवर दहा आकडी नंबर असतो. त्यातला पहिला आकडा सोडून पुढचे तीन विमान कंपनीचे, म्हणजे इंडिगोचे ३१२, एअर इंडियाचे ०९८. बेल्टवरचे स्कॅनर तो नंबर वाचतात आणि सॉर्टर, म्हणजे बॅगा वेगळ्या करणारं यंत्र, बॅग त्या-त्या फ्लाइटच्या शूटवर (घसरगुंडीवर) ढकलतो. टॅग दुमडला, भिजला, प्लॅस्टिकखाली गेला, तर 'नो रीड', म्हणजे स्कॅनरला नंबर वाचता आला नाही. ती बॅग वेगळ्या बेल्टवरून माझ्यासमोर यायची. आखातात जाणाऱ्यांची दोरीने आवळलेली खोकी तर हटकून माझ्याकडे. टॅग शोधायचा, हाताने नंबर घालायचा, बॅग पुढे सोडायची.

आमच्याकडे मालवणकडचे एक जुने लोडर (बॅगा विमानात चढवणारे) होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. टॅगला छोटे स्टिकर असतात ते पाहिलेत ना? बॅग कंटेनरमध्ये गेली की त्यातला एक काढून कागदावर चिकटवायचा. त्या कागदाला बिंगो शीट म्हणतात. कुठली बॅग कुठल्या कंटेनरमध्ये आहे हे त्यावरून कळतं. पुढे हातातले स्कॅनर आले, 'टुक' वाजलं की नोंद झाली. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी बिंगो शीट बंद करायचं ठरवलं, कागदाचा कचरा म्हणून. मी मीटिंगमध्ये विचारलं, सर्व्हर बसला तर? ते म्हणाले, बॅकअप आहे. आणि वर सगळ्यांसमोर म्हणाले, "नो-रीडला बसवलेली माणसं म्हणजे मशीन सुधारेपर्यंतचा खर्च." हे वाक्य मी विसरलेले नाही.

काकांनी शीट सोडली नाहीत. शिफ्ट इन्चार्जने डोळेझाक केली.

मग जुलैतली एक रात्र. धो-धो पाऊस, विमानं उशिरा, त्यामुळे एकामागून एक फ्लाइट एकदम लागलेल्या. सॉर्टरचा कॉम्प्युटर बसला. हातातले स्कॅनरही बसले, कारण दोघांना माहिती एकाच ठिकाणाहून यायची. बॅकअप सुरू झाला आणि तोही त्याच कारणाने आडवा झाला. (हे कुणाला खोटं वाटेल म्हणून सांगते. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणात नेमकं हेच झालं. एका विमानाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये मार्गावरचे एकाच नावाचे दोन बिंदू आले, एक फ्रान्समधला आणि एक अमेरिकेतला. मुख्य यंत्रणा गोंधळून बंद पडली. बॅकअपवर तेच सॉफ्टवेअर, त्यानेही तोच प्लॅन वाचला, तोही बंद. सात लाखांहून जास्त प्रवाशांना त्रास झाला, आणि माणसं फ्लाइट प्लॅन हाताने घालत बसली.)

सगळ्या बॅगा शेवटच्या शूटवर येऊन पडायला लागल्या. नवी कंत्राटी पोरं हातात बंद स्कॅनर घेऊन उभी. त्यांना दोष देणार नाही. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये 'टुक वाजलं की ठेव' एवढंच शिकवलेलं. काकांनी रिकाम्या डॉल्या (बॅगा न्यायच्या चाकांच्या गाड्या) ओळीने लावायला सांगितल्या, खोक्याचे पुठ्ठे फाडून त्यावर फ्लाइट नंबर लिहिले, आणि स्वतः शूटच्या तोंडाशी उभे राहिले. टॅगवर मोठ्या अक्षरात विमानतळाचा कोड असतो. डीएक्सबी म्हणजे दुबई, डीओएच म्हणजे दोहा, आरयूएच म्हणजे रियाध. एका नजरेत वाचायचे आणि ओरडायचे, पोरं उचलायची. मी फ्लाइटप्रमाणे आकडे लिहीत होते. काम सावकाश चाललं, पण चाललं.

त्यात गेटवरून निरोप आला, रियाधच्या फ्लाइटचा एक प्रवासी चेक-इन करून विमानात चढलेलाच नाही. म्हणजे त्याची बॅग उतरवायलाच हवी. स्कॅनरची नोंद दिसत नाही. सगळे कंटेनर पावसात खाली घेऊन एकेक टॅग वाचायचा, एवढाच मार्ग उरला होता. काकांनी खिशातून घडी केलेलं शीट काढलं, बोट फिरवलं आणि कंटेनर सांगितला. बॅग तिथेच होती.

हा नियम कशातून आलाय हे तुमच्या भावाला कोर्सवाले सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. २३ जून १९८५, एअर इंडियाचं कनिष्क विमान. व्हँकुव्हरला एकाने बॅग दिली आणि तो स्वतः चढलाच नाही. बॅग टोरांटोला जाऊन कनिष्कमध्ये चढली. त्यातला बॉम्ब आयर्लंडजवळ फुटला आणि ३२९ माणसं गेली. आदल्या दिवशी टोरांटोला एक्स-रे मशीन बंद पडलं होतं, म्हणून हातात धरायचं स्फोटक हुंगणारं यंत्र वापरलं. कॅनडाच्या चौकशीत पुढे आलं की ते यंत्र एका बॅगेजवळ वाजलं होतं. पण वाजल्यावर काय करायचं हे तिथल्या माणसांना कुणी नीट शिकवलंच नव्हतं. यंत्र वाजलं हो. पुढे काय?

तर आमच्या त्या रात्रीच्या अहवालात 'सिस्टिम पूर्ववत' एवढंच आलं. बिंगो शीटचा उल्लेख नाही. कंत्राटाच्या पुढच्या नूतनीकरणात काकांचं नाव नव्हतं. मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही.

आता पुढचं काय. चेक-इन काउंटर आणि गेटवरची माणसं कमी होणार, यात शंका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, वाराणसीला डिजीयात्रा आली, २०२३ मध्ये पुण्यात. मी स्वतः वापरते, चांगली आहे. पण १९ जुलै २०२४ ला जगभर कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले तेव्हा आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते लिहिणारं माणूस काउंटरवर होतं म्हणून लोक विमानात बसले. लंडनच्या हीथ्रोवर टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये उघडलं. नवीकोरी बॅगेज यंत्रणा, आणि पहिल्याच दिवशी हजारो बॅगा अडकल्या. कारणांमध्ये सॉफ्टवेअर होतं, तसंच कर्मचाऱ्यांना लॉग-इन करता येत नव्हतं आणि ट्रेनिंग अपुरं होतं हेही होतं. यंत्र उभारायला पैसे असतात, शिकवायचे दिवस मात्र छाटतात. सगळीकडे तेच.

आणि मी रोबोंच्या विरोधात नाही, उलट ते चुकीच्या जागी येतात याचा मला राग आहे. छोट्या विमानाच्या पोटात लोडर गुडघ्यावर बसून तीस-तीस किलोच्या बॅगा रचतो. चाळिशीत कंबर जाते. अॅमस्टरडॅमच्या स्किपोलला बॅगा उचलायला रोबो आणि उचल-यंत्रं आहेत. आपल्याकडे कंत्राटी माणूस स्वस्त पडतो म्हणून तिथे यंत्र आणायची कुणाला घाई नाही. जिथे माणूस डोकं वापरतो ती खुर्ची मात्र आधी काढतात.

एक सांगायला हवं, माझा अनुभव जुन्या बेल्टचा आहे. आता काही नव्या विमानतळांवर प्रत्येक बॅग चिप लावलेल्या स्वतंत्र ट्रेमधून जाते, त्यात 'नो रीड' फारच कमी. जून २०१८ पासून आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) नियमानुसार बॅग चार टप्प्यांवर नोंदवावी लागते, त्यामुळे हरवलेल्या बॅगेचा माग लागणंही सोपं झालंय. म्हणजे माझ्या खुर्चीवरचं काम घटलंय, हे खरं.

भावाबद्दल. मेकअप, इंग्रजी घोषणा आणि 'एअरपोर्टवर नोकरीची हमी' यासाठी लाख-दीड लाख मागणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. काउंटरवरच्याच नोकऱ्या आधी जाणार आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा झाला असेल तर बेल्ट, मोटर, सेन्सर, पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) देखभालीकडे वळू दे, ही यंत्रणा जितकी वाढेल तितकी ती माणसं लागतील. नाहीतर एक्स-रे स्क्रीनर. त्याला बीसीएएसचं, म्हणजे विमान सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याचं, प्रमाणपत्र लागतं, ते क्लासच्या सर्टिफिकेटने मिळत नाही, नोकरी देणारी संस्था पाठवते. धोकादायक मालाचं आणि लोड शीटचं (विमानातल्या वजनाच्या हिशेबाचं) काम शिकायला मिळालं तर सोडू नये.

मुलाखतीला गेला की त्याने एवढं विचारावं: सिस्टिम बंद पडली तर हाताने काम करायचा सराव वर्षातून किती वेळा घेता, आणि विमान थांबवायला सांगायचा अधिकार माझ्या जागेवरच्या माणसाला आहे का? दोन्हीला नीट उत्तर मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी घ्यावी ती नोकरी.