जर्मनीतून अमेरिकेत पीएचडीला अर्ज करताना

जर्मनीत गटिंगेनला फिजिक्सचं बॅचलर, चौथं सेमिस्टर, सरासरी 1.4. आधी तिथेच मास्टर्स करू की थेट अमेरिकेत अर्ज करू, असं तू विचारलं आहेस. मीही जर्मनीतूनच इकडे अमेरिकेत आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेट अर्ज कर, पण पीएचडीला. जर्मनीत डॉक्टरेटसाठी सहसा आधी मास्टर्स लागतं. इथे विज्ञानात बॅचलरनंतर सरळ पीएचडीला घेतात. बहुतेक ठिकाणी फी माफ होते, वर स्टायपेंड मिळतो. बदल्यात शिकवायचं किंवा लॅबमध्ये काम करायचं. इथल्या मास्टर्सचा खर्च मात्र बहुधा स्वतःच्या खिशातून. तिकडे जवळजवळ फुकट शिकत असताना आईवडिलांना त्या कर्जात घालू नकोस. तुझी डिग्री तीन वर्षांची, 180 ईसीटीएसची (म्हणजे युरोपीय क्रेडिट्सची). इथली चार वर्षांची. बरीच विद्यापीठं तीन वर्षांची युरोपीय डिग्री मान्य करतात, सगळी नाही. यादी करण्याआधीच ईमेल करून विचार.

जीपीएचा, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या सरासरी गुणांचा, धसका घेऊ नकोस. इथे 4.0 म्हणजे सर्वोत्तम, तिकडे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. विद्यापीठाने मागितल्याशिवाय स्वतः आकडेमोड करून जीपीए टाकू नकोस. 1.4 तसंच लिही, स्केल नमूद कर आणि परीक्षा कार्यालयाकडून इंग्रजी ट्रान्स्क्रिप्टसोबत ग्रेड-वितरणाचा तक्ता मिळतो का बघ. किती जणांना 1.5 च्या आत मिळाले, हे त्यातून कळतं.

खरी गोची शिफारसपत्रांत होते. सहसा तीन लागतात. जर्मन प्रोफेसर मोजूनमापून लिहितात: ‘परीक्षेत 1.3 मिळाले, काम समाधानकारक.’ तिकडे ही शाबासकी असते, इथल्या समितीला ती थंड वाटते. शिवाय फॉर्ममध्ये ‘वरच्या 5 टक्क्यांत की 10 टक्क्यांत?’ असे रकाने असतात. फक्त परीक्षेपुरतं ओळखणारा माणूस ते काय भरणार? म्हणून आत्ताच कुठल्या तरी संशोधन ग्रुपमध्ये हिवी, म्हणजे पगारी विद्यार्थी-सहायक, म्हणून लाग. अर्जांच्या मुदती बहुतेक डिसेंबरात, म्हणजे तुझ्या पाचव्या सेमिस्टरमध्ये. बॅचलर थिसिस तेव्हा सुरूही झालेला नसतो. पत्रात लिहिण्याजोगं संशोधन मग हिवीच्या कामातूनच येणार. पत्र मागताना कोणता प्रयोग उभा केलास, कोणता कोड लिहिलास, कुठे अडलास, याचं एक पान प्रोफेसरांना दे. लाजू नकोस, इथे ते रीतीला धरून आहे.

जीआरई ही प्रवेश परीक्षा आता बऱ्याच विभागांत ऐच्छिक आहे. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात. अर्जाची फी दरेक विद्यापीठाला वेगळी भरावी लागते. माफीसाठी जरूर लिही.

ऑफर आली तर उत्तर द्यायला बहुतेक ठिकाणी 15 एप्रिलपर्यंत वेळ असतो, घाईने होकार देऊ नकोस. व्हिसाची मुलाखत जर्मनीतला रहिवासी म्हणून तिथेच देता येते, खास भारतात जायची गरज नाही. फक्त तुझा रहिवासी परवाना तोवर चालू राहील ना, ते आजच तारीख बघून ठरव.