बाटलीवर द्राक्ष नाही, गाव का?

प्रश्न : फ्रेंच वाइनच्या लेबलवर बहुधा द्राक्षाचं नावच नसतं, गावाचं असतं. मग आत काय आहे ते कळायचं कसं?

उत्तर : गावावरूनच. कुठल्या गावात कोणतं वाण लावायचं, हे तिथे कायद्यानं बांधून दिलेलं आहे. शाब्ली म्हणजे शार्दोने. पांढरी सान्सेर म्हणजे सोविन्यों ब्लाँ. लाल एर्मिताज म्हणजे मुख्यतः सिरा. अशी आठ-दहा नावं लक्षात ठेवली की लेबल बोलायला लागतं. 'आपेलास्याँ' (नामाभिधान) आणि 'कोंत्रोले' (नियंत्रित; नव्या लेबलांवर 'प्रोतेजे', म्हणजे संरक्षित) या दोन शब्दांच्या आसपास प्रदेशाचं नाव शोधा.

हा कायदा संकटातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीनं वेलींची मुळं खाऊन मळेच्या मळे वाळवले. अमेरिकी खुंटावर फ्रेंच वाणांची कलमं बांधून लागवड वाचली, पण मधल्या टंचाईत नामांकित गावांच्या नावावर भलतीच वाइन खपू लागली. म्हणून १९३५ साली गावाची हद्द, वाण, छाटणीची पद्धत आणि हेक्टरी उत्पन्नाची कमाल मर्यादा ठरवण्याची राष्ट्रीय व्यवस्था आली. यातली मर्यादा महत्त्वाची. वेलीवर घड फार ठेवले तर रस पातळ होतो.

अल्सास हा प्रदेश अपवाद आहे. तिथल्या उंच, निमुळत्या बाटलीवर रीस्लिंग वगैरे द्राक्षाचं नाव असतं.

प्रश्न : बोर्दो आणि बरगंडी या दोन फ्रेंच प्रदेशांच्या वाइन दोन्ही लाल. फरक काय? आणि 'ग्रां क्रू' (थोर मळा) लिहिलेली बाटली नेहमी चांगलीच असते का?

उत्तर : आधी बाटली बघा. बोर्दोचे खांदे ताठ, बरगंडीचे उतरते.

बोर्दो ही मिश्रणाची वाइन. जिरोंद खाडीच्या डाव्या अंगाला, मेदोकमध्ये, गोट्यांची जमीन आहे. पाणी झटकन निचरतं, गोटे ऊन धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारं काबेर्ने सोविन्यों तिथे पिकतं. पलीकडे पोमरोलच्या थंड चिकणमातीत लवकर पिकणारं मेर्लो लागतं. मिश्रणात शेतकऱ्याचा विमाही आहे : फुलोऱ्यातल्या पावसानं मेर्लो मार खातं, शरदातल्या पावसानं काबेर्ने. सहसा दोन्ही एकदम जात नाहीत.

लाल बरगंडीत जवळजवळ नेहमी एकटं पिनो न्वार द्राक्ष असतं. त्यामुळे मातीतला फरक झाकायला काही उरत नाही, आणि हेच तिचं खरं वैभव. सिस्टर्शियन मठवासीयांनी शतकानुशतकं या चुनखडीच्या उतारांवर वेली राखल्या. त्यांनी भिंत घातलेला क्लो द वूजोचा मळा सुमारे ५० हेक्टरांचा. १८८९मध्ये तो तुकड्यांनी विकला गेला आणि आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. नाव एक, हात ऐंशी! म्हणून बरगंडी घेताना मळ्याइतकंच उत्पादकाचं नाव वाचा.

'ग्रां क्रू'वर बरेच जण फसतात. बरगंडीत हा मान जमिनीच्या तुकड्याला आहे आणि तो सर्वोच्च आहे. मेदोकमध्ये १८५५च्या वर्गवारीनं तो शातोला, म्हणजे उत्पादक घराला, दिला. ती यादी जवळपास तशीच आहे, १९७३मध्ये मूतों रोतशील्ड या शातोला पहिल्या वर्गात घेतलं तो मोठा अपवाद. बोर्दोतल्याच सँतेमिल्यों गावात मात्र नुसतं 'ग्रां क्रू' म्हणजे थोडे कडक नियम, एवढंच. तिथे 'क्लासे' (वर्गवारीतली) हा शब्दही आहे का ते पाहा.

बोर्दो १६ ते १८ अंशांना, बरगंडी १४ ते १६ला वाढा. त्याहून गरम झाली की अल्कोहोलच नाकात शिरतं. कोवळी बोर्दो तासभर आधी सुरईत ओतून ठेवावी. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाला बसतो. जुनी बरगंडी सुरईत ओतू नका. तिचा नाजूक गंध उडून जातो.

प्रश्न : शँपेन उघडताना निम्मी फेसात जाते. काय चुकतं?

उत्तर : बाटली गरम असते किंवा हललेली असते. शँपेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात : लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात, त्यातून सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. थंडाव्यात हा वायू द्रवात विरघळून राहतो. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून अर्धा तास ठेवा. नुसत्या बर्फात बाटलीला गारवा नीट लागत नाही. फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटू शकते. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावर हवाच. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. आवाज उसाशाइतकाच यावा.