एक प्रत बंद ठेवण्यात तोटा असूनही सस्तन प्राण्यांत जीनोमिक इम्प्रिंटिंग का उत्क्रांत झालं?

जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणजे एखाद्या जनुकाच्या आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी, ती कुणाकडून आली यावरून, एकच चालू राहणं. यात तोटा आहेच. चालू प्रत बिघडली तर दुसरी मदतीला येत नाही. तरी हे टिकलं, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांचं आहे.

एकाच मादीची पिल्लं वेगवेगळ्या नरांपासून झालेली असू शकतात. म्हणून बापाकडून आलेल्या जनुकाचा फायदा असतो तो याच पिल्लाने आईकडून जास्तीत जास्त पोषण ओढून घेण्यात. आईकडून आलेल्या जनुकाच्या प्रती मात्र तिच्या पुढच्या पिल्लांतही असू शकतात, त्यामुळे तिथे काटकसर फायद्याची.

उंदरात हे लख्ख दिसतं. वाढ घडवणारं प्रथिन बनवणारं आयजीएफ-२ हे जनुक बापाकडचं चालतं, आणि त्याच प्रथिनाला पकडून नष्ट करणारं आयजीएफ-२-आर आईकडचं! बापाकडची आयजीएफ-२ प्रत निकामी केली तर पिल्लू नेहमीच्या साधारण ६० टक्के वजनाचं जन्मतं. आईकडची केली तर वाढीत फरक पडत नाही.

अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये या दोन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती चालू असतात. कांगारूच्या गटात, जिथे अल्पकाळ का होईना वार (गर्भाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव) असते, तिथे इम्प्रिंटिंग आढळतं. मेंदूतली काही इम्प्रिंटेड जनुकं या चौकटीत सहज बसत नाहीत, हेही खरं. पण सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणपोषातही, म्हणजे बीजाला पोसणाऱ्या ऊतीतच, इम्प्रिंटिंग स्वतंत्रपणे उत्क्रांत झालंय.