रजा अजून तुम्ही मागितलेलीच नाही

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मिळाले. सात महिन्यांपूर्वी, जुन्या नोकरीत असताना, तुम्ही उभयतांनी बारा दिवसांचा प्रवास ठरवला आणि तिकिटेही काढली. मध्यंतरी मनासारखी नोकरी चालून आली आणि तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही तिथे रुजू झालात. हातची संधी जाईल या भीतीने मुलाखतीत तुम्ही प्रवासाचा विषय काढला नाहीत आणि नियुक्तिपत्रावर सही करतानाही काढला नाहीत. प्रवासाला आता पाच आठवडे उरले आहेत, सहा महिन्यांचे प्रोबेशन चालू आहे, रजा मिळणार नाही असे तुम्ही घरी सांगितले आहे आणि पत्नीने तुमच्याशी जेमतेम कामापुरते बोलणे ठेवले आहे. नोकरी सांभाळावी की संसार, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्याआधी पत्रातल्या एका वाक्याकडे तुमचे लक्ष वेधतो. लिफ्टची वाट पाहत उभे असताना तुम्ही मॅनेजरना 'पुढे थोडे दिवस रजा लागली तर चालेल का,' असे विचारलेत आणि ते म्हणाले, 'प्रोबेशनमध्ये शक्यतो रजा नसते, बघू.' त्याच संध्याकाळी तुम्ही घरी सांगितलेत की साहेब नाही म्हणाले. कृपया त्यांचे वाक्य पुन्हा वाचा. त्यात 'शक्यतो' आहे आणि 'बघू' आहे. किती दिवस, कोणत्या तारखा, कशासाठी, यांतले काहीही त्यांना ठाऊक नव्हते आणि तारखाच माहीत नसलेल्या रजेला नकार देता येत नाही. तुम्ही रजा अजून मागितलेलीच नाही. मागायला मन घेत नव्हते म्हणून एका अर्धवट उत्तराला तुम्ही नकार मानलेत. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. नव्या जागी पाय रोवू पाहणाऱ्या माणसाला तोंड उघडणे किती जड जाते, हे मी या कामात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मात्र त्या नकाराच्या आधारावर घरात जे बोलले गेले, त्याची जबाबदारी तुम्हाला घ्यावी लागेल.

आता नियमांकडे पाहू. नव्या माणसाला सुरुवातीच्या महिन्यांत रजा न देण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी आढळते आणि तिच्यामागे कोणाचा आकस नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी सुट्टीसंबंधी १९७० साली जो करार केला, त्यातही वर्षाला किमान तीन कामकाजी आठवड्यांची सुट्टी सांगताना, हक्क सुरू होण्यापूर्वी ठरावीक काळ सेवा झालेली असावी अशी अट घालण्याची मुभा ठेवली आहे. हा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असू नये, इतकेच बंधन आहे. हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही आणि तुमच्यावर बंधनकारक असेल तो तुमच्या देशाचा कायदा आणि तुमचे नियुक्तिपत्र. तरीही त्यातले एक कलम मला या प्रसंगी मोलाचे वाटते. सुट्टी केव्हा घ्यायची हे मालकाने ठरवावे, पण कर्मचाऱ्याशी सल्लामसलत करून, आणि ठरवताना कामाची गरज व कर्मचाऱ्याला विश्रांतीसाठी मिळणारी संधी या दोन्हींचा विचार व्हावा, असे ते कलम म्हणते. कर्मचारी बोललाच नाही तर ही सल्लामसलत घडायची कशी?

तुम्ही लिहिता की वर्षाला अठरा दिवस रजा आहे आणि ती महिन्याला दीड दिवस या हिशेबाने खात्यावर जमा होते. प्रवासाला निघाल तेव्हा तुमचे जेमतेम दोन महिने भरलेले असतील, म्हणजे तीन दिवस जमा असतील. बारा दिवसांत दोन शनिवार-रविवार येतात, तेव्हा कामाचे दिवस आठच मोडतात. तूट आहे पाच दिवसांची. 'बारा दिवस रजा हवी' हे वाक्य आणि 'तीन दिवस जमा रजा आणि पाच दिवस बिनपगारी' हे वाक्य, ही दोन्ही एकाच प्रवासाविषयी असली तरी ऐकणाऱ्याच्या मनात फार वेगळी उमटतात. अर्ज करण्यापूर्वी नियुक्तिपत्रातल्या दोन गोष्टी नीट वाचा: प्रोबेशनमध्ये बिनपगारी रजेची तरतूद आहे का, आणि घेतलेल्या रजेइतके दिवस प्रोबेशन पुढे ढकलले जाते का. तसे ढकलले जात असेल तर तुम्ही ते आपणहून मान्य केल्याचे सांगा, मॅनेजरचा अर्धा संकोच तिथेच दूर होईल.

परंतु हे सर्व दुसऱ्या टप्प्याचे आहे. पहिले बोलणे घरी व्हायला हवे आणि ते कठीण आहे.

पत्नी समजून घेत नाही, असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. त्याच पत्रात हेही आहे की तिने स्वतःच्या नोकरीत मागच्या वर्षीची रजा न वापरता या प्रवासासाठी राखून ठेवली होती आणि ती मंजूरही करून घेतली आहे. रजा कशी मागावी, हे तिला तुमच्यापेक्षा चांगले कळते. नवी नोकरी स्वीकारताना तारखांचा घोळ होणार हे तुम्हाला सहीच्या दिवशीच माहीत होते. तिला ते कळले गेल्या आठवड्यात, प्रवासाच्या विम्याचे कागद भरताना, आणि तेही तिने विचारल्यावर. त्या रात्री माळ्यावरून उतरवलेली बॅग तिने काही न बोलता पुन्हा वर ठेवली, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. माझ्या समजुतीप्रमाणे तिला प्रवास हुकण्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक दुखले आहे ते हे की दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट तुम्ही एकट्याने मोडीत काढलीत आणि ती वाचवण्याचा साधा प्रयत्नही केला नाहीत.

तेव्हा तिच्यासमोर निर्णय घेऊन जाऊ नका. मॅनेजर नेमके काय म्हणाले, ते शब्दशः सांगा. 'साहेब नाही म्हणाले' हे खरे नव्हते, हेही सांगा. रजेचा हिशेब कागदावर मांडा, तिकिटांची तारीख बदलायला किती खर्च येतो आणि ती रद्द केल्यास किती पैसे बुडतात, हे आधी वाचून जा. मग तिला विचारा की या बारा दिवसांत तिला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते. कोणाला ती जागा पाहायची असते, कोणाला तीच तारीख हवी असते, कोणाला फक्त कामाच्या फोनशिवायचे सलग काही दिवस हवे असतात. यांपैकी काय हवे आहे, ते तुमच्या पत्रात कुठेही नाही आणि बहुधा तुम्हालाही ते माहीत नाही. त्यावरच सगळे अवलंबून आहे. तारीख महत्त्वाची असेल तर रजा पूर्ण मागावी लागेल, जागा महत्त्वाची असेल तर प्रोबेशन संपल्यानंतरचा मुहूर्त चालू शकेल.

तिने पुढे जावे आणि तुम्ही चार दिवसांनी पोहोचावे, ही तुमची सूचना तिने स्वतः मांडली तरच विचारात घ्या. लॅपटॉप बरोबर नेऊन तिथून काम करण्याचे आश्वासन मात्र मॅनेजरना देऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नव्या माणसाला कामाची घडी अजून पुरती बसलेली नसते, प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारावी लागते, त्यामुळे दुरून केलेले काम अर्धेमुर्धे होते आणि बरोबरचे माणूस खोलीत ताटकळत बसते.

घरात एकमत झाले की दुसऱ्याच दिवशी मॅनेजरकडे पंधरा मिनिटांची वेळ मागून समोर बसून बोला. सुरुवात चुकीच्या कबुलीने करा, ती लांबवू नका: 'हा प्रवास रुजू होण्याआधीच ठरला होता आणि तो मी नियुक्तीच्या वेळीच सांगायला हवा होता.' पुढे तारखा, आठ दिवसांचा हिशेब, आणि त्या दिवसांत तुमच्याकडे असणारी कामे कोणती आधी पूर्ण होतील व कोणती कोणाकडे सोपवता येतील, हे सांगा. तुम्ही म्हणता की त्या काळात तिमाही अखेर येते. असे असेल तर अखेरच्या दोन दिवसांना हजर राहण्यासाठी परतीची तारीख अलीकडे घेण्याची तयारी दाखवता येईल, अर्थात पत्नीशी आधी बोलून. बोलणे झाल्यावर तेच मुद्दे ईमेलने पाठवा आणि जे ठरेल ते एचआरकडून लेखी घ्या.

तरीही स्पष्ट नकार आला तर? माझे मत विचाराल तर या एका कारणासाठी नोकरी सोडू नये. नकारामागे खरी अडचण असू शकते आणि ती तुम्ही आधी सांगितले असते तर टळलीही असती. मात्र नकार आला तर त्याच बैठकीत प्रोबेशननंतरच्या तारखा मागून घ्या आणि लेखी घ्या, म्हणजे घरी रिकाम्या हाताने जावे लागणार नाही. पत्नीची मंजूर झालेली रजा वाया जाऊ नये म्हणून ती पुढे ढकलता येईल का, हे तिला तिच्या कार्यालयात विचारावे लागेल, त्यासाठीही तिला वेळ हवा. म्हणून हे सारे याच आठवड्यात करा.

रजेच्या अर्जाचा मसुदा लिहून माझ्याकडे तपासायला पाठवू का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर पाठवा. पण त्याआधी तो पत्नीला वाचायला द्या, आणि तिने काही खोडले तर ते खोडलेलेच राहू द्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक