‘गॉसिप गर्ल’ ही मालिका पाहून झाली. तिच्या मूळ पुस्तकांत तरी सगळ्यांच्या भानगडी निनावीपणे ऑनलाइन लिहिणारी ‘गॉसिप गर्ल’ नेमकी कोण हे कळतं का, आणि ती पुस्तकं वाचावीत का?

नाही, मूळ कादंबऱ्यांत ती कोण हे उघड होतच नाही. डॅन या पात्रानंच ते सगळं लिहिलं, ही मालिकेची भर. तरीही जरूर वाचा, मी दोन्ही पाहून-वाचून सांगतेय. २००२ साली पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या सेसिली फॉन झीगेसार स्वतः मॅनहॅटनमधल्या मुलींच्या खाजगी शाळेत शिकल्या, त्यामुळे त्या श्रीमंत घरांतलं एकटेपण अगदी खरं वाटतं. नायिका सेरेना बोर्डिंग स्कूलमधून परतते, थेट ब्लेअरच्या घरच्या पार्टीत येते आणि जिवलग मैत्रिणीलाच ती नकोशी होते, ते प्रकरण तर फारच सुंदर! फक्त मालिकेतल्या ब्लेअर आणि चक यांच्या प्रेमासाठी वाचणार असाल तर हिरमोड होईल, कारण पुस्तकांत चक दुय्यम पात्र आहे.